पाचवीचं कोरं पान

५ जानेवारी
आज सांगलीत आले. म्हसवडहून सकाळची एसटी धरली, जेवायच्या वेळेला पोचले. दवाखान्याच्या मागं राहायला खोली दिलीय, खिडकीशी पेरूचं झाड आहे, खारी उड्या मारतात. जीव रमेल असं वाटतं.
चाळीस वर्षं मी आमच्या भागातली बाळं न्हाऊ-माखू घातली. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, म्हणून मीच दवाखान्यात आले. दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं काचेच्या पेटीत ठेवतात, त्या विभागात मावशी म्हणून. तिथल्या मुख्य अंजना सिस्टर. त्यांनी ही डायरी दिली आणि शिकवीन ते लिहून ठेवा म्हणाल्या. शाळेचं तोंड मी बघितलं नाही. मेंढरांमागं फिरताना कोळशानं दगडावर अक्षरं गिरवली, तेवढीच माझी शाळा.

८ जानेवारी
शिकायला लय आहे. या बाळांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आतल्या शिरा मोजाव्यात अशी. अंगातलं पाणी त्यातूनच उडून जातं. म्हणून दिवसातून तीनदा खोबऱ्याचं तेल. चोळायचं नाही, रगडायचं नाही, पीठ लावून लव काढायची तर बातच नको. कोपरापर्यंत हात धुवायचे, तेल तळव्यावर कोमट करायचं आणि हात नुसता टेकवायचा. चिकटपट्टी कधी ओढायची नाही, कडेनं तेल सोडून केसाकेसानं सोडवायची.
मेंढी व्याली की कोकराला परक्या हाताचा वास लागू देत नाहीत, नाहीतर आई त्याला लोटते. इथं परका वास साबणानं जातो.
अंजना सिस्टरांनी हात टेकवला की रडतं बाळ गप होतं. बघून आत कुठंतरी टोचलं. चाळीस वर्षं माझ्या हाताचं नाव होतं.

१२ जानेवारी
आज अकराशे ग्रॅमची मुलगी आली. आई अंकिता, पाटणकडची, नवरा फौजेत. पोट कापून सोडवलं, बीपी वाढलेलं, म्हणून ती खाली वॉर्डात पडून आहे. मुलीला पहिलं तेल मी लावलं. माझ्या दोन बोटांएवढी पाठ. हात टेकवला तशी तिनं उसासा टाकला, मोठ्या माणसासारखा.

१५ जानेवारी
तीनदा तेल मी लावते. रक्तातला प्राणवायू मोजायला पायाला लाल दिवा असतो, तो दर थोड्या वेळानं जागा बदलून मी बांधते. आज अंकितानं फोनवर आवाज भरून वर पाठवला, "आई हाय गं इथं," एवढंच. मुलगी आवाजाकडं वळली.
माझ्याकडं कधी वळली नाही.
माझी कूस उजवली नाही, त्याचं दुःख जुनं झालं. पण दुसऱ्याची बाळं माखून माखून परत द्यायची, आणि मिरवायचं त्यांनी, हे काही जुनं होत नाही.

१७ जानेवारी
काल मुलीची पाचवी होती. पाचव्या दिवशी सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते, म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. काचेतल्या बाळाची कोण करणार? आईनं करायची ती खाली झोपलेली. मी सांजेला या डायरीतलं कालच्या तारखेचं पान उघडून पेनासकट पेटीखालच्या फळीवर ठेवलं, धुतलेल्या दुपट्याखाली. असलं काही आत न्यायचं नसतं, माहीत होतं.
आणि मागायला नको ते मागितलं. मनातच म्हटलं, हिला माझ्याशिवाय कुणाचा हात मानवू नये.
सकाळी पानावर अक्षर नव्हतं. तेलाचा डाग होता, तळहाताएवढा. दुपट्यावर सांडलं असेल.

१९ जानेवारी
अंजना सिस्टरांनी मुलीची कूस बदलली, तर त्यांची बोटं जिथं लागली तिथं पाच तांबडे वळ उठले. हातमोजे बदलले, पुन्हा वळ. मग मला बोलावलं. मी हात टेकवला आणि वळ मावळले.
डॉक्टरही बघत राहिले. बरं वाटलं मला. लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं.

२१ जानेवारी
आता सगळ्याला मीच. पट्टी सोडवायची तरी मी, दुपटं बदलायचं तरी मी. तपासण्या केल्या, सगळ्या स्वच्छ आल्या. अंजना सिस्टर म्हणाल्या, मावशी, तुमच्या हातात जादू आहे. त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. मी मनात म्हटलं, आता कसं.
डाग पुढच्या पानांवरही आलाय. पेन मधेच उमटत नाही.

२३ जानेवारी
माझी सुट्टी होती. दुपारी झोपले होते तर बोलवायला माणूस. मुलगी रडून रडून आवाज गेलेली. सुई लावायला चारजणींनी हात लावला, चारही जागी सालपट निघालं. माझ्या हाताखाली झोपली.
वजन उतरतंय.
हजेरीच्या मशीननं माझा अंगठा घेतला नाही. तळव्यावरच्या रेषा दिसत नाहीत. तेल लावलेलं नसताना हात तेलकट. साबणानं जात नाही.

२५ जानेवारी
आज अंकिता वर आली, भिंत धरत. छातीशी कातडीला कातडी लावून बाळ घ्यायचं, आईची ऊब मिळते. सिस्टर भीत होत्या, पण आईला नाही कसं म्हणायचं? मीच मुलीला उचलून तिच्या छातीवर ठेवलं. मला वाटलं — खरं लिहिते — मला वाटलं, बघू आता हिचं.
घटकाभरात मुलगी किंचाळली. उचलली तर अंकिताच्या छातीवर पापुद्रा राहिलेला. मुलीचा.
अंकिता रडली नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "मावशी, तुमच्या हातात आसं काय हाय, जे माझ्यात न्हाई?"
मी मुलीला पेटीत ठेवायला वळले.

२६ जानेवारी
सोळा तारखेचं पान उजेडाला धरलं. डाग माझ्याच हाताचा. करंगळी वाकडी, लहानपणी मेंढ्यानं तुडवलेली. आणि त्या तळव्याच्या मधोमध दुसरा, रुपयाएवढा. पाच बोटं.
मी ठेवलं तेव्हा कोरं होतं.
मागितलेलं लिहून घेतलं कुणीतरी.

२७ जानेवारी
हजार ग्रॅम. डॉक्टर म्हणाले असंच चाललं तर दोन दिवस.
एकटी मी किती वेळा हात लावणार? सुई मला येत नाही, नळी मला येत नाही. माझा हात मानवतो, पण माझ्या हातानं ती जगत नाही.
तरी एक मन म्हणतं — राहू दे. जाईल ती माझीच होऊन —
हे मीच लिहिलं का?

२८ जानेवारी, सकाळ
तेच पान फाडून पुन्हा पेटीखालच्या फळीवर ठेवलंय. परत लिहून द्यायचं. पण शाई धरत नाही. सगळं पान तेल. पेन दाबून नुसते ओरखडे काढतेय —
हिला माझा हात मानवू नये. हिच्या आईचा मानवू दे.
तीनदा काढले.

परत
इथंच पेटीशी बसून लिहितेय. डावा हात तिच्या पाठीवर. बघायला हवं ना, ऐकलं की नाही.
तांबडं येतंय. माझ्या बोटांखाली. म्हणजे ऐकलं.
हात काढते —
निघत नाही. तिच्या पाठीला धरलाय.
ओढायचं नाही. सिस्टरांनी शिकवलंय. कडेनं तेल, केसाकेसानं —
सुटतोय. कातडी निघतेय, पण माझी. तिची नाही. तिची सगळी जागेवर आहे —
करंगळी राहिलीय
पेन सरकतं
अंकिताला बोलवा. हात धुऊन ये म्हणावं, आता तिचा —