व अनुषंगिक कामे

१ जानेवारी २००१, सोमवार
काल रिटायर झालो. साखर कारखान्याच्या ऑफिसात चौतीस वर्षं, त्यातली अकरा हेडक्लार्क. शाल, नारळ आणि ही डायरी मिळाली. डायरी फक्त माझ्यासाठी. शांतव्वाला बजावलं, हात लावायचा नाही. म्हणाली, "तुमचं अक्षर वाचत बसायला बायकूला येळ हाय व्हय?"

संकल्प.
एक : रोज पहाटे रंकाळ्यापर्यंत चालणे.
दोन : खालच्या मजल्यावर दारालगतचा सोपा आणि आतलं माजघर यांच्यामधली भिंत काढून एकच मोठा हॉल करणे. हॉलमध्ये इंटरनेट कॅफे. आठ कॉम्प्युटर. बोर्डावर नाव सोमेशचं. पोरगा पुण्यात कंपनीत राबतो, भाड्याच्या खोलीत राहतो, हॉटेलचं खातो. घरात स्वतःचा धंदा दिसला की येईलच परत.
सगळं रीतसर परमिशन काढून. मार्चअखेर हॉल तयार.

९ जानेवारी
नगररचना विभागात गेलो. तिथला ज्युनिअर इंजिनिअर तिशीचा, नाव श्रीशैल. म्हणजे आपल्या समाजातलाच. गाव विचारलं. त्याने सांगितलं आणि लगेच उलटा प्रश्न : भिंत वजन घेणारी आहे का? मी म्हणालो, भिंत आहे, पन्नास वर्षं उभी आहे. तो हसला नाही.
यादी दिली. नकाशा, प्रॉपर्टी कार्ड, घरफाळ्याची पावती, भाडेकरूची संमती, आणि भिंत काढल्यावर घर उभं राहील असा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला.
चौतीस वर्षं मी लोकांना कागद मागत आलो. मागितलेल्यातले खरे किती लागतात ते मला माहीत आहे. दोन.

संध्याकाळी माडीवर धोंडुबाईकडे गेलो. बावीस वर्षांची भाडेकरू. एकटी असते, शेवया-पापड करून विकते. संमतीची सही मागितली. म्हणाली, "सही करती की आण्णा. पर खालची भिंत काढल्यावर मी कशावर ऱ्हायाची?" विनोदी बाई आहे. सही केली.
रंकाळा : थंडी फार. उद्यापासून.

२८ जानेवारी, रविवार
परवापासून टीव्हीवर भूज. पडलेली घरं, वर हात करून रडणारी माणसं. शांतव्वा टीव्हीकडे बघते, मग आमच्या मधल्या भिंतीकडे बघते. जेवली नाही. मी चॅनेल बदललं. तिथंही तेच. टीव्ही बंद केला. गुजरात कुठं, कोल्हापूर कुठं.

१२ फेब्रुवारी
श्रीशैल म्हणतो, दाखल्याशिवाय फाईल पुढं जाणार नाही. अगदी शांतपणे. पेढे नेले होते. डबा उघडलासुद्धा नाही, माझ्या पिशवीत परत ठेवला. डबा लहान होता, हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं.

१९ फेब्रुवारी
स्ट्रक्चरल इंजिनिअर घर बघून गेला. भिंतीवर टकटक, जिन्यातून वर डोकावणं, माडीवर दोनदा पाय आपटणं. म्हणे वरच्या माडीची तुळई ह्याच भिंतीवर टेकली आहे. बांधकाम चिखलातलं. भिंत काढायची तर खालून पाया घेऊन लोखंडी खांब आणि गर्डर घालावे लागतील, मगच दाखला. तोपर्यंत भिंतीला खिळासुद्धा ठोकू नका म्हणाला.
माणूस डिग्री घेतो आणि सरळ गोष्टीला घाबरायला लागतो.
नवीन अर्ज तयार केला. माझं ड्राफ्टिंग कारखान्यात नावाजलेलं होतं. विषय : किरकोळ दुरुस्ती. मजकूर : "गिलावा, रंग, फरशी व अनुषंगिक कामे." ह्या 'अनुषंगिक'मध्ये अख्खी भिंत बसते. तीनदा वाचला. कुठं बोट ठेवायला जागा नाही.

६ मार्च
किरकोळ दुरुस्तीला मंजुरी आली! पंधरा दिवसांत! खाली श्रीशैलने पेनाने लिहिलंय : कोणतीही भिंत काढू अथवा सरकवू नये. छापील अटी सगळ्यांनाच असतात.
(ही हाताने लिहिलेली आहे. पण हाताने छापल्यासारखीच.)

२६ मार्च, पाडवा
मुहूर्तावर काम चालू. बाबालाल मिस्त्री आला. गल्लीतली निम्मी घरं त्याच्या हातची, पंचवीस वर्षांची ओळख. त्याने मंजुरी मागितली, वाचली, पेनाची ओळ दोनदा वाचली. मग भिंतीला तळवा लावून उभा राहिला, जनावराच्या पाठीवर हात ठेवावा तसा.
"आण्णा, ही वजन घेतीया. मी न्हाई हात लावणार."
मी म्हणालो, तुला मजुरी वाढवून हवी असेल तर सरळ बोल. तो श्रीखंडाची वाटी तशीच ठेवून, पाटी-थापी उचलून गेला. सणासुदीला असं वागणं बरं नव्हे.

४ एप्रिल
नाक्यावरून दोन मजूर आणले. दीड दिवसात भिंत साफ. तुळईखाली माझ्या देखरेखीत लाकडाचे दोन टेकू दिले. काय हॉल झालाय! दारातून मागच्या परड्यापर्यंत उजेड. मधोमध खुर्ची टाकून चहा घेतला. चहात वरून थोडी माती पडली. ताज्या कामात पडायचीच.
शांतव्वा स्वयंपाकघरातून सोप्यात येताना भिंतीकडेने जाते. मधून जात नाही. इतकी मोकळी जागा करून दिली तर.

८ एप्रिल, रविवार
शांतव्वाला घेऊन एसटीडीवरून सोमेशला फोन. हॉलचं सांगितलं. त्याने आधी विचारलं, "आण्णा, भिंतीची परमिशन काढली का?" मी म्हणालो, अनुषंगिक. मग म्हणाला, "मी परत येणार न्हाई, दिवाळीतच सांगितलंय की. आव्वाला दे फोन." आवाजात ओढ जाणवली. पोरं अशीच बोलतात. बोर्ड रंगवायला टाकला.

२० मे
धोंडुबाई सकाळीच खाली. "आण्णा, माझं दार लागंना झालंय." वर जाऊन बघितलं. दाराचा वरचा कोपरा चौकटीला घासतो. रंधा मारून घेतला. आता लागतं.

२७ मे
दार परत लागेना. परत रंधा.
धोंडुबाईचं म्हणणं, जमिनीवर लाटणं ठेवलं की आपोआप खिडकीकडं जातं. मी ठेवून बघितलं. जातं. लाटणं गोल आहे.

५ जून
जिन्याशेजारच्या भिंतीला भेग. केसाएवढी. गिलाव्याची आहे.
बाबालाल बोलावला नव्हता, आला. शांतव्वाने निरोप धाडला असणार. भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटच्या ठिपक्यांनी चिकटवली. म्हणाला, "काच फुटली तर भिंत हालतीया. फुटली की घरात थांबायचं न्हाई, आण्णा. भांडीकुंडी बघायची न्हाईत." पैसे घेतले नाहीत. मी त्याला पाडव्याबद्दल माफ केलं.

९ जून
काच फुटली. जाड्याभरड्या हाताने लावली असेल, ताण बसला. दुसरी आणून मी स्वतः लावली.

११ जून
फुटली. हल्लीच्या काचेत दम नाही.

१४ जून
विचार करून काचेच्या जागी प्लास्टिकची फूटपट्टी लावली. सोमेशची, शाळेतली.

१८ जून
चार दिवस झाले. पट्टी शाबूत. भिंत थांबली! शांतव्वाला दाखवलं. तिने पट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे बराच वेळ. भेगेत आता माझी करंगळी जाते, पण पट्टी शाबूत आहे ही वस्तुस्थिती आहे.
सोप्यातल्या पाली दिसत नाहीत. एक त्रास कमी झाला.

२५ जून, सोमवार
अचानक श्रीशैल दारात, सोबत दोन माणसं. कुणी कळवलं समजत नाही. शुक्रवारी शांतव्वा देवळात गेली होती ती तीन तासांनी आली, पण तिला ह्यातलं काय कळतंय.
श्रीशैल हॉलमध्ये आला नाही. उंबऱ्यातच थांबून वर बघत राहिला. नंतर हळू आवाजात म्हणाला, "काका, वर कोण राहतं?" मी सांगितलं. म्हणाला, "आजच खाली घ्या त्यांना. तुम्हीपण निघा."
नोटीस दिली. घर तातडीने रिकामं करा, लोखंडी टेकू द्या, वगैरे. मला वाईट वाटलं नाही. नोटीस आली म्हणजे प्रकरण ऑफिसच्या रेकॉर्डवर आलं, आणि रेकॉर्डवर आलेल्याला उत्तर देता येतं. खुलासा लिहायला घेतला. मुद्देसूद, तीन पानं होतील.

२७ जून
शांतव्वा कुरुंदवाडला बहिणीकडे निघाली. ट्रंक भरली. मला म्हणाली, "चला." मी म्हणालो, खुलासा अर्धा झालाय.
धोंडुबाईलाही घेऊन जाणार होती. मी जिन्यात गाठून बाईला नीट समजावलं. एकदा खोली सोडली की ऑफिसवाले घर धोकादायक म्हणून शिक्का मारतील, मग परत शिरता यायचं नाही. बावीस वर्षांची जागा जाईल. पापडाची गिऱ्हाइकं जातील. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुमी सांगता म्हंजे खरंच असंल. घर तुमचं हाय." मी शब्द दिला, काही होत नाही.
शांतव्वा रिक्षात बसेपर्यंत वर बघून हाका मारत होती. धोंडुबाई खिडकीत आली, हात हलवला, थांबली.

४ जुलै
तीन दिवस सलग पाऊस. खुलासा दोन पानं. 'वस्तुतः' हा शब्द चार वेळा आलाय, दोन काढावे लागतील.
वरून धोंडुबाई चालली की कुठं पाऊल टाकते ते खालून कळतं. आधी कळायचं नाही. तिला सांगितलं, जरा सावकाश चालत जा. चालते.

१० जुलै
जेवायला बसलो असताना टेकूतून आवाज आला. ऊस मोडावा तसा. लाकूड पावसात बोलतंच. ताट घेऊन स्वयंपाकघरात बसलो. तिथं वारा चांगला येतो.

१२ जुलै, गुरुवार, सकाळी सव्वानऊ
खुलासा पूर्ण! फेअर कॉपी झाली. आज स्वतः जाऊन देणार आणि माझ्या प्रतीवर आवक शिक्का घेणार. तारखा लागल्या तर म्हणून डायरीही पिशवीत घेतोय. शिक्का बसला की पुढची जबाबदारी त्यांची. आत्ताच धोंडुबाईला हाक मारून सांगितलं, आज मिटतं बघा सगळं. वरून म्हणाली, "बरं आण्णा. येताना उडदाचं पीठ घिऊन या."

१५ जुलै
शिक्का दहा चाळीसला मिळाला. पीठ घेऊन गल्लीच्या तोंडाशी आलो तर गर्दी. पुढं धूळ. पावसात इतकी धूळ कशी, एवढंच मनात आलं.
माडी खाली आली होती. हॉल राहिला नव्हता. बाबालाल आणि गल्लीतले दहाबारा जण हातांनी विटा काढत होते. मीही वाकलो. बाबालाल म्हणाला, "आण्णा, तुमी बाजूला व्हा." ओरडला नाही. मी बाजूला झालो. हातात पिठाची पुडी आणि खुलासा होता, कुठं ठेवायचा कळेना.
दीड तासाने धोंडुबाईला काढलं. जिवंत. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलंय. केस मातीने पांढरे झाले होते.
काल दवाखान्यात गेलो. ती छताकडे बघत होती. मी आलेलं तिला कळलं. म्हणाली, "तुमी सांगितलं म्हनून ऱ्हायली, आण्णा." रागाने म्हणाली असती तर काहीतरी बोलता आलं असतं.
सोमेश आला. रात्रीच्या गाडीने. दिवाळीनंतर आत्ता बघितला, वाळलाय. दवाखान्याचा फॉर्म भरला, रक्त दिलं, आईला कुरुंदवाडहून आणलं. माझ्याशी बोलला ते औषधांबद्दल. आज दुपारी दोघं पुण्याला गेली. शांतव्वाने माझे दोन सदरे धुऊन बाबालालच्या घरी ठेवलेत. सध्या मी तिथंच आहे.

१७ जुलै, मंगळवार
पंचनामा. श्रीशैल आला. मातीच्या ढिगाशेजारी प्लास्टिकची खुर्ची मांडून लिहीत होता. मी खुलाशाची प्रत पुढं केली. त्याने घेतली, फायलीला लावली, वाचली नाही.
विचारलं, भिंत कधी काढली. सांगितलं. कुणाकडून. सांगितलं.
मग विचारलं, "भिंत काढू नका असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?"
'वस्तुतः' म्हणून सुरुवात केली.  तो पेन धरून थांबला. बाबालाल तिथंच उभा होता, जमिनीकडे बघत होता.
म्हणालो, सांगितलं होतं.
"कुणी?"
म्हणालो, सगळ्यांनी.
त्याने तेवढंच लिहिलं आणि कागद माझ्याकडे फिरवला. मी सही केली. तारीख घालायची राहिली होती. परत हाक मारून घालून घेतली.