दोन लाल, तीन पिवळे

ती. मामा,

वाकून नमस्कार (गुडघा सुजलाय, तेव्हा जमेल तेवढंच वाकून). सिगारेट सोडल्यापासून तुम्ही मामींवर खेकसता असं कळलं, म्हणजे आवाज ठणठणीत आहे. "मेंदूतलं निकोटीनचं बटण तेवढं उपटून दे," असं तुम्ही फोनवर म्हणालात. पण मामा, एकच बटण असतं तर आमच्या प्रयोगशाळेला केव्हाच कुलूप लागलं असतं!

हेच लोकांना समजावायचं काम रविवारी माझ्या गळ्यात पडलं. संस्था बघायला गावातली मंडळी येणार होती. मागच्या खेपेला माझ्या भाषणात पहिली रांग चक्क घोरली होती, त्यामुळे संचालकबाईंनी बजावलं होतं, "यंदा कुणी झोपलं तर तुला पुन्हा माईक नाही." म्हणून मी जिवंत माणसांचाच ग्राही केला. (ग्राही म्हणजे पेशीच्या भिंतीतलं दार. पाच तुकडे गोल उभे, मधून वाट. तुकडे बदलले की दाराचा स्वभाव बदलतो, म्हणून तर इतके प्रकार.) दोन लाल सदरे, तीन पिवळे, हातात हात, पिवळ्यांत खुद्द संचालकबाई आणि आमचे हिशेबनीस. लाल-पिवळ्याच्या सांध्यात मी निकोटीनचा चेंडू टेकवला की वाट उघडायची आणि पेशीबाहेरचे क्षारकण झालेल्या शाळेतल्या पोरांनी आत शिरायचं. शेजारी पाचही हिरव्या सदऱ्यांचा दुसरा प्रकार. त्यात आमचा एक ताडमाड सहकारी, ज्याला सगळे शिडी म्हणतात.

चेंडू टेकवला मात्र, पोरं अशी घुसली की संचालकबाई भुईसपाट, त्यांच्यावर हिशेबनीस, आणि उचलायला धावलेली मी दोघांवर! मग हिरव्या दाराला चेंडू टेकवला, तर ते जेमतेम उघडलं आणि घाबरून गच्च मिटलं. मी चेंडू नाचवतेय आणि शिडी मान हलवतोय, "आता नाही हं उघडणार!" लोक हसून बेजार, मी रडकुंडीला. आणि एकदम लक्षात आलं, अहो, खरा तो प्रकार असाच तर वागतो! झटकन उघडतो, झटकन मिटतो, मग निकोटीन समोर असलं तरी ढिम्म. तसं मी ओरडून सांगितलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मग प्रश्नांवर प्रश्न. (सिगारेट ओढणाऱ्यांच्या मेंदूत लाल-पिवळी दारं वाढतात, सोडल्यावर हळूहळू कमी होतात. तोवर चिडचिड व्हायचीच, मामींना सांगा.) संचालकबाई कपडे झटकत म्हणाल्या, "पुढच्या वर्षीही हीच बोलेल. मी मात्र खुर्चीत बसेन."

तुमची लाडकी (असं मीच ठरवलंय) भाची

ता. क. : मी शिडीशी लग्न करतेय. आईला माहीत आहे, बाबांना नाही. ते फक्त तुमचं ऐकतात, तेव्हा तुम्हीच सांगा ना.

आणखी ता. क. : हे पत्र तुमच्या हातात देऊन खाली अंगणात घुटमळणारा उंच माणूस तोच. ऊन फार आहे, वर बोलवा.