परत आणून कोणी पाहिलंय?

ग्रोनिंगन, ४ मार्च

ती. सीत्सेदादास,
वित्स्केचा सा. न. वि. वि.

नाताळनंतर तुला पत्र नाही, त्याची आधी माफी मागते. परवा फोन केला, पण फोनवर तू 'हो', 'बरं', 'बघू' यापलीकडे जात नाहीस आणि मलाही तिथे धड बोलता येत नाही. नवी डिस्क संगणकाला लावू नकोस, असं मी जवळजवळ ओरडलेच. तू का म्हणून विचारलंस, मी लिहून कळवते म्हटलं. तर लिहिते.

तुझ्या गोदामातल्या संगणकाची डिस्क गेली. कुठल्या बटाट्याचे आईबाप कोण, कोणाला करपा लागला, कोण तरला, फुलांचे फोटो, ही तुझी वीस वर्षांची नोंद आता जगात एकाच ठिकाणी आहे: माझ्या जिन्याखालच्या कपाटात. दर रात्री तुझ्याकडचे बदल आमचा 'जुळं' हा प्रोग्रॅम माझ्याकडे आणून ठेवायचा. आम्ही चौघं, चार देशांतली माणसं, आपापल्या नोकऱ्या सांभाळून तो लिहितो. कोणीही फुकट घ्यावा, कोणीही त्यात भर घालावी, असा. कॉपी उलट दिशेने, म्हणजे माझ्याकडून परत तुझ्याकडे नेण्याचा जो भाग आहे, तो मी लिहिलेला. तेव्हा कौतुकही झालं होतं.

तोच भाग चालवायला बसले आणि सहज मनात आलं, की खऱ्या सामानावर हा कोणी वापरलाय का? मी स्वतः चार खोट्या फाइलींवर वापरून पाहिला होता. म्हणून बाकीच्या तिघांना विचारलं. ऊलू गावची काइसू माझं लिखाण ओळ न् ओळ तपासते, तिला मी वचकूनच असते. तिचं उत्तर आलं, मला वाटलं तू केलं असशील. उरलेल्या दोघांनीही तेच लिहिलं. दादा, हजारो लोक रोज रात्री कॉपी नेऊन ठेवतात आणि निवांत झोपतात. ती परत आणून पाहिलेला एक माणूस मला सापडला नाही.

म्हणून कपाटातलं यंत्र बंद करून ठेवलं आहे. कारण विचारशील तर मला भीती वाटते, एवढंच. वहिनीला नमस्कार सांग. रागावलास तरी रागाचं का होईना, पण पत्र येऊ दे.

तुझी,
वित्स्के


सिंट अ‍ॅना, ९ मार्च

चि. वित्स्केस,
अ. उ. आ.

माझा चष्मा गोदामात राहिला होता म्हणून तुझं पत्र बाउक्येने मोठ्याने वाचलं. 'मला भीती वाटते' इथे ती थांबली आणि म्हणाली, एवढं शिकलेल्या नणंदबाई असं लिहायला लागल्या तर आपण काय करायचं?

मला एक सांग, शहाणे. इतकी वर्षं तुम्ही चौघं लोकांचं सामान आत नेत होतात आणि ते दार आतून उघडतं की नाही हे कोणी ढकलून बघितलं नाही? मी बियाण्याच्या खोलीचं कुलूप बदललं तरी दोनदा उघडून बघतो. असो. रागावलो नाही. थोडा रागावलो.

इथली गत अशी आहे. गोदामात क्रेट रचून ठेवलेत. क्रेटवर आकडे आहेत आणि आकड्यांचा अर्थ तुझ्या जिन्याखाली आहे. त्याच्याशिवाय ते नुसते बटाटे. बियाण्याच्या कंपनीचा माणूस महिनाअखेर येतोय. करप्याला न बधणारा तो आपला वाण त्याच्या मनात भरलाय, पण त्याचे आईबाप कोण आणि तो कुठल्या वर्षी कसा टिकला, हे दाखवल्याशिवाय तो पुढे पाऊल टाकणार नाही. मी छप्पन्न वर्षांचा आहे, वित्स्के. असा दुसरा वाण तयार होईल इतकी वर्षं माझ्या हातात नाहीत.

वाणाला बाउक्येचं नाव द्यायचं मी ठरवलं होतं. ती म्हणते मुळीच नको, उद्या बाजारात बायका म्हणतील की बाउक्ये शिजवली की फुटते. तेव्हा नावाचं घोंगडं अजून भिजत पडलंय. तू तेवढं नावामागचं सामान पाठव.

लवकर कर, पण नीट कर.

तुझा,
सीत्से


ग्रोनिंगन, १५ मार्च

ती. सीत्सेदादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच आणि शेवटपर्यंत वाच. तुझं सामान शाबूत आहे. आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना तुला तसं वाटणार नाही.

कपाटातल्या डिस्कला मी थेट हात लावला नाही. दोन डिस्क विकत आणल्या. एकीवर तुझ्या सामानाची हुबेहूब नक्कल उतरवली, दुसरी तुझ्या नव्या डिस्कसारखी कोरी ठेवली. मग माझी उलट नेण्याची आज्ञा त्या नकलेवर चालवली. अर्धा दिवस लागेल म्हणून चहा ठेवायला उठले, तर वळून बघते तोच पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'यशस्वी' आलं होतं.

दोन्ही डिस्क कोऱ्या होत्या.

काय झालं ते समजायला संध्याकाळ गेली. दोन्हीकडे फरक दिसला की खरं घर कोणतं, म्हणजे कोणती डिस्क प्रमाण मानायची, हे माझी आज्ञा तारखेवरून ठरवते. कोरी डिस्क कालची, तुझं सामान गेल्या महिन्यातलं. म्हणजे नवं ते खरं. मग तिने इमानाने तो कोरेपणा जुन्या सामानावर उतरवला आणि काम फत्ते झाल्याचं कळवलं. माझ्या चार खोट्या फाइली एकाच दिवशी तयार केलेल्या होत्या, त्यामुळे हे कधी दिसलंच नाही.

मी जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. नकलेची बुद्धी झाली नसती तर? मी काही फार सावध बाई आहे म्हणून ती झाली नाही. तुझं ते सामान आहे, म्हणून झाली. परक्या कोणाचं असतं तर मी त्याला लिहिलं असतं की निर्धास्त चालवा. हे मला टोचतं आहे.

आणखी एक लपवत नाही. नक्कल उतरवताना कपाटातली मूळ डिस्क मधूनच खरवडल्यासारखा आवाज करत होती. तीही आता म्हातारी झाली आहे. आज्ञा दुरुस्त केली की पुन्हा नक्कल करावी लागेल आणि त्यासाठी तिला पुन्हा चालवावं लागेल. ती तेवढा दम काढेल की नाही, मला सांगता येत नाही. तूच सांग, थांबू की करू?

वित्स्के


सिंट अ‍ॅना, १९ मार्च

चि. वित्स्केस,
आशीर्वाद.

बसून वाचलं. मग उठून गोदामात गेलो.

बाउक्ये वही घेऊन मागून आली. म्हणाली, आठवेल तेवढं लिहून काढू. पहिल्याच क्रेटपाशी आमचं भांडण जुंपलं. मी म्हणतो याची आई पांढऱ्या फुलांची, ती म्हणते जांभळ्या. मी म्हटलं, फुलाला परागाचा कुंचला मी लावला की तू? ती म्हणाली, एरवी लावायचात तुम्ही, वाटी मी धरायचे, पण त्या वर्षी तुमचा पाय मोडला होता, म्हणजे कुंचलाही मीच लावला होता. खरंच होतं ते. मग मला घाम फुटला, पोरी. जे मला पक्कं आठवतं तेच चुकीचं निघालं. वही मिटून आम्ही घरी आलो आणि वाटाण्याचं सूप तसंच निवून गेलं.

तू विचारलंस, थांबू की करू. थांबलो तरी ती डिस्क काही तरुण होणार नाही. कर.

गेलं तर गेलं, तू माझी बहीणच आहेस, असं इथे लिहिलं होतं. बाउक्येने वाचून खोडायला लावलं, म्हणाली खोटं कशाला लिहिता? तर खरं लिहितो. गेलं तर मी काही दिवस तुझ्याशी बोलणार नाही. मग बोलेन. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तुला भ्यायला एक गोष्ट कमी.

तुझ्या त्या काइसूला सांग, यावेळी 'मला वाटलं' चालणार नाही.

सीत्से


ग्रोनिंगन, २७ मार्च

ती. सीत्सेदादास,
सा. न. वि. वि.

काल फोनवर तू रडलास की शिंकलास? वहिनी म्हणते शिंकलास. मी मान्य करते.

फोनवर सांगता आलं नाही ते लिहिते. आज्ञा आता तारीख बघत नाही. खरं घर कोणतं हे ती माणसाला विचारते, त्याच्याकडून घराचं नाव टाइप करून घेते, आणि ते खरं घरच कोरं दिसलं तर हटून बसते. काइसूने माझी दुरुस्ती तीनदा परत पाठवली. चौथ्यांदा तिने स्वतःच्या घरचं सामान पुसून ते नकलेवरून परत आणून पाहिलं आणि मगच होकार दिला. खाली एक ओळ होती: मीही आज पहिल्यांदाच केलं, हात कापत होते. तिचे हात कापतात हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

कपाटातली मूळ डिस्क दुसऱ्या नकलेच्या वेळी पूर्ण वेळ कण्हत होती. मी दाराबाहेर उभी होते. शेजारीण विचारून गेली, कोणी आजारी आहे का? मी हो म्हटलं. नक्कल पुरी झाली, सामान उलट नेलं, उघडलं. सगळं आहे. त्या पहिल्या क्रेटची आई मी मुद्दाम शोधून काढली. वहिनीला सांग, फूल जांभळंच आहे.

शनिवारी डिस्क न्यायला ये. येताना साखरपाव आण, इथे मिळतो त्यात साखर नसते.

इथे पत्र संपवणार होते. पण आज्ञा सदोष होती, ती कोणी वापरली असल्यास कळवावं, असं निवेदन आम्ही काल सगळ्यांसाठी लावलं. आत्ता त्यावर एका बाईंचा मजकूर आला. ओलोमोउत्सच्या व्लास्ता म्हणून आहेत. गेल्या शरद ऋतूत त्यांनी आमच्या सूचना वाचून ती चालवली. 'यशस्वी' आलं आणि सगळं गेलं. त्यांना वाटलं आपणच डिस्क उलट्या लावल्या असतील. लाज वाटली म्हणून कोणाला विचारलं नाही. काय गेलं ते त्यांनी लिहिलेलं नाही. एवढंच विचारलं आहे: म्हणजे ती माझी चूक नव्हती का?

आणि शेवटी सहज लिहिलं आहे, की ती रिकामी झालेली डिस्क तेव्हापासून खणात पडून आहे, तिच्याकडे बघवत नाही म्हणून या आठवड्यात भाच्याला खेळ साठवायला देणार आहेत.

दादा, पुसलेलं लगेच जात नाही. त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ते खाली असू शकतं. मी ताबडतोब उत्तर पाठवलं, चूक तुमची नाही, माझी आहे, आणि डिस्क कोणालाही देऊ नका. तासभर झाला, त्यांनी ते वाचलेलं दिसत नाही. तुझं सामान समोर धड ठेवलेलं आहे आणि मला मात्र पुन्हा तसाच गारठा भरला आहे.

लोभ आहेच, तो तसाच ठेव.

तुझी,
वित्स्के

ता. क. हे पत्र मिटलं की पहिलं काम: व्लास्ताबाईंचा फोन नंबर शोधणे.