फुंकणी न लागणारी भट्टी

मानेवाडा, नागपूर
८ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. जयवंतास,

तुझ्या मोठ्या भावाचे, म्हणजे केशवचे, अ. उ. आ. मायला माझा सा. न. सांगून माझ्या वतीने तूच वाकावेस, माझी कंबर तुला माहीत आहे.

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सर्व क्षेम आहे. फोनवर मी सविस्तर सांगू लागलो की तुमच्या पारशिवनीचं नेटवर्क जातं, आणि नेमका मी मुद्द्यावर आलो की जातं, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर तर तुझ्या मयुराने मामाच्या लिहिण्यावरच बंदी घातली. मी धुराड्याच्या मापाबद्दल एकवीस संदेश टाकले होते, तेही क्रमाने. म्हणून पत्र. पत्राला मध्येच थांबवता येत नाही.

मुद्दा असा. मागच्या हिवाळ्यात माय या घरात हिव वाजते म्हणाली, पिशवी भरली आणि तुझ्याकडे आली ती आलीच. विजेचा हीटर मी लावला होता, पण तो लाल डोळे करून पाहते असं तिचं म्हणणं. केशवला माय ठेवता आली नाही, असं नातेवाइकांत बोललं जातं. ते कोण बोलतं तेही मला माहीत आहे. या दिवाळीनंतर माय इथं येईल आणि इथंच राहील, अशी व्यवस्था मी करतो आहे. लाकडावर चालणारी, घर तापवणारी भट्टी बसवतो आहे.

मी कॉलेजची पायरी चढलो नाही, पण हिंगण्याच्या कारखान्यातली भट्टी माझ्या पावलांचा आवाज ओळखते. जे शिकलो ते पाहून, भाजून आणि पुन्हा करून शिकलो. बाजारात तीन प्रकार आहेत. एक पत्र्याचा, पहाडी मुलखात वापरतात तो. लवकर तापतो, लवकर निवतो, आपल्या रुपराव जावयांच्या रागासारखा. दुसरा स्वयंपाकाचा, वर तवा आणि बाजूला ओव्हन. तुझ्या शामलावहिनीचा जीव त्यात, एकाच जाळावर पोळ्याही होतील म्हणते. मी समजावलं की जे दोन कामं करतं ते एकही धड करत नाही. मग बायकांचं काय, असं तिने विचारलं, पण तो प्रश्न विषयाला सोडून होता. तिसरा ओतीव लोखंडाचा, काचेच्या बंद दाराचा, फक्त खोली तापवणारा. तोच मागवला आहे. दुकानदार पहाडातला. नागपूर म्हणजे नेमकं कोणतं नागपूर, हे त्याने तीनदा विचारलं. संत्र्यांचं, असं मी म्हटल्यावर तो म्हणाला की पाठवतो, पण परत घेणार नाही.

लोभ आहेच. तो गटावरही दिसावा, म्हणजे बंदी उठवावी.

तुझा,
केशवदादा


पारशिवनी
१६ ऑक्टोबर २०२४

ती. केशवदादाले जयवंताचा शि. सा. न. आणि शामलावहिनीले, तिचा सोसण्याचा स्वभाव पाहून, दोन नमस्कार जास्त.

तुझं पत्र मायले वाचून दाखवलं. आमचे हे म्हणतात की जिथं माणसं आठ महिने कूलरमध्ये पाणी भरतात, त्या गावात घर तापवायची भट्टी आणणारा माणूस आपल्या घरात निघाला, हा मान लहान नाही. रागाबद्दलचं वाक्य मी गाळलं होतं. त्यांनी मागून स्वतः वाचलं आणि तापले. चहा होईपर्यंत निवलेही, तेवढं तुझं बरोबर निघालं.

मयुरा म्हणते की बंदी मामावर नाही, मापांवर आहे.

मायनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली, त्यात वांगं भाजता येते का. दादा, याचं उत्तर एका शब्दात लिही गा. कारण लिहू नको.

माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
जयवंता


मानेवाडा, नागपूर
६ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. जयवंतास अ. उ. आ.

उत्तर: नाही. आता कारण. दार उघडलं की खोलीतली हवा भलतीकडून आत घुसते, धूर उलटतो आणि सगळी ऊब वाया जाते. ही बंद भट्टी आहे, तिच्या पोटात काही घालायचं ते फक्त लाकूड, आणि तेही मी.

भट्टी बसली. स्लॅबला भोक पाडायचं म्हटल्यावर शामलाने माझ्याशी बोलणं टाकलं. मिस्त्री म्हणाला की लोक आम्हाला स्लॅब गळू नये म्हणून बोलावतात, भोक पाडायला बोलावणारे तुम्हीच पहिले. धुराडं दुहेरी नळीचं आहे, मधे दगडी लोकर भरलेली, वर टोपी, गच्चीच्या कठड्यापेक्षा उंच. भिंतीपासूनचं अंतर मी स्वतः मोजलं, मग मिस्त्रीकडून मोजून घेतलं, मग पुन्हा स्वतः मोजलं. लाकूड नरखेडकडच्या वाळलेल्या संत्र्याच्या झाडांचं. प्रत्येक ओंडक्यात मॉइश्चर मीटरच्या दोन सुया खुपसून ओलावा पाहिल्याशिवाय मी तो घरात घेत नाही. भट्टीभोवती कारखान्यासारखी पिवळी रेषा आखली आहे आणि ‘विनापरवाना हात लावू नये’ अशी पाटी टांगली आहे. भट्टीचं अधिकृत नाव गृहतापक. गल्लीने मात्र ते मानलेलं नाही. वर धुराडं पाहून पलीकडच्या मोनालीताई सकाळी पाव आणि खारी विचारायला आल्या. मी त्यांना उभं राहून सगळं समजावून सांगितलं. त्यानंतर त्या आल्या नाहीत.

महत्त्वाचं. मायच्या पिशवीत तिची ती लोखंडी फुंकणी असेलच. ती पाठवू नकोस. धुराड्याचा ओढा असा जबर आहे की या भट्टीला फुंकणी लागतच नाही. उगाच एसटीत कोणाच्या डोळ्यात जायची.

लोभाचा ओढाही असाच जबर ठेवावा.

तुझा,
केशवदादा


पारशिवनी
१४ नोव्हेंबर २०२४

ती. केशवदादाले शि. सा. न.

रविवारी हे मायले घेऊन निघतील. लाडू, मेथी आणि आमच्या वावरातली वांगी सोबत आहेत. भाजू नको, पण पाहायला ठेव.

तुझं पत्र वाचलं तेव्हा पिशवी भरून झाली होती. फुंकणीचं वाक्य मायनं मले पुन्हा वाचायला लावलं. मग पिशवी उघडली, तळातून फुंकणी काढली आणि माझ्या चुलीमागच्या खिळ्याले परत टांगून दिली. दादा, तुले आठवते ना, बाबाच्या बदल्या होत तेव्हा ट्रकमध्ये सामान नंतर चढे आणि फुंकणी आधी मायच्या हातात असे. पहिल्यांदाच ती फुंकणीशिवाय बिऱ्हाडाले चालली. निघता निघता म्हणाली की संक्रांतीले येतो परत.

मी तुले फक्त सांगून ठेवलं.

आठवण ऊबदार राहू दे.

तुझी,
जयवंता


मानेवाडा, नागपूर
५ डिसेंबर २०२४

चि. सौ. जयवंतास अ. उ. आ.

हे पत्र जरा कडक लागेल. तू मायला काय शिकवून पाठवलंस?

भट्टी उत्तम चालते. बाहेर लोक मफलर गुंडाळून फिरत आहेत आणि आमच्या खोलीत सव्वीस अंश. पहिल्या दिवशी मायला पिवळ्या रेषेबाहेर खुर्ची दिली. तिने बराच वेळ काचेकडे पाहिलं आणि बातम्या केव्हा लागतात ते विचारलं. मग पाटीवर काय लिहिलं आहे ते शामलाकडून समजून घेतलं आणि म्हणाली की मंग याले नारळ फोडून राहिले का नाही रोज. मग शाल काढून ठेवली आणि बाहेर गेली.

कुठे गेली, ते लिहिताना हात जड होतो. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू आहे. तिथला चौकीदार बळीराम आणि त्याची बायको संध्याकाळी शेकोटी करतात, सेंट्रिंगच्या तुटक्या फळ्यांची. आपली माय रोज तिथं विटेवर बसून हात शेकते! घरावर धुराडं आभाळाला टेकलेलं आणि घरची माय चौकीदाराच्या शेकोटीवर. मोनालीताईंनी मला थांबवून विचारलं की तुमची भट्टी बिघडली का. मी मीटर घेऊन बळीरामच्या फळ्या तपासल्या. ओलावा इतका, की शेकोटी जळते हेच आश्चर्य. मी त्याला आकडा दाखवला. तो बिचारा म्हणाला की साहेब, आजी फुंकते ना, म्हणून जळते.

परवा मायने पारशिवनीची बस सकाळी किती वाजता असते ते विचारलं. संक्रांतीला अजून अवकाश आहे. खोली अठ्ठावीस अंशांवर नेऊ का? तुझं मत कळव.

राग मानू नये, लोभ मानावा.

तुझा,
केशवदादा


पारशिवनी
१२ डिसेंबर २०२४

ती. केशवदादाले शि. सा. न.

अंश वाढवू नको, मायची भाकरी होईल.

माझ्या घरी गॅस आहे, तुले ठाऊक आहे. मंग मागच्या अंगणात मी चूल काहून ठेवली? सकाळी उठून मायले ती पेटवायची असते. काटक्या लावते, फुंकते, राख सारते, मले चार शब्द बोलते, पाणी तापवते आणि त्या पाण्यानं घरभराच्या आंघोळी होतात. माझ्याकडं थंडी काही कमी नाही गा, उलट पेंचकडचं वारं येते. पण तिले हिव वाजत नाही. तू तिच्यासाठी जाळ केला आणि त्याले कुलूप लावलं. खुर्चीवर बसून पाहायचा जाळ तिले कशाले पाहिजे?

खरं सांगू, मले यात काही घाटा नाही. फुंकणी खिळ्यावर आहे, माय संक्रांतीले येतेच. तू आपला मोजत राहा.

हसून लिहिलं आहे, हसून वाच.

तुझी,
जयवंता


मानेवाडा, नागपूर
२८ डिसेंबर २०२४

प्रिय जयवंताबाई,

शामलाचे अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्याची मला सवय नाही, पण हे यांच्या हातून आलं तर तुम्हाला फक्त आकडे मिळतील.

तुमचं पत्र यांनी वाचलं, घडी घातली आणि म्हणाले की जयवंताला तांत्रिक बाजू कळत नाही. पण तीनदा वाचलं. काल यांची दुसरी पाळी होती. हे फाटकाबाहेर पडले तशी माय स्वयंपाकघरात आली आणि गेला का म्हणून विचारलं. मी म्हटलं, गेले. मग मी मुद्दाम टीव्हीचा आवाज वाढवला.

मायने पदर खोचला आणि पिवळ्या रेषेच्या आत जाऊन पाट टाकला. चिमट्याने काचेचं दार सताड उघडलं, आतले नीट रचलेले ओंडके उपसून आपल्या पद्धतीने लावले. थोडा धूर झाला. फुंकायला काही नव्हतं, तर भिंतीवरची ती पाटी काढली आणि तिनेच वारा घातला. निखारे पडल्यावर बाजारातून आणलेली भरताची वांगी आत गेली, मागून कणकेचे रोडगे. वास गल्लीत गेला असावा, कारण बळीराम आणि त्याची बायको आली आणि मागून मोनालीताई तेल-मीठ घेऊन आल्या. बळीरामने यांचा मीटर पाहिलेला. त्याने त्या सुया वांग्यात खुपसल्या आणि गंभीरपणे सांगितलं की आजी, अजून ओलावा आहे.

इतक्यात हे दारात. पाळी लवकर सुटली होती. डोक्यावर हेल्मेट तसंच. पाटीचा एक कोपरा जळालेला, रेषेच्या आत पाच माणसं, आणि कोणी उठेना. मायने मान न वळवताच यांना सांगितलं की दार लाव गा, हिव आत येऊन राहिलं.

बाई, यांनी दार लावलं. हेल्मेट काढलं आणि खाली बसले. भरीत खाताना म्हणाले की संत्र्याच्या लाकडाचा वास वांग्यात उतरतो, हे मी आधीच धरलं होतं. मी यांना आणखी एक रोडगा वाढला.

मायेत खंड नसावा.

तुमची,
शामला


मानेवाडा, नागपूर
१ जानेवारी २०२५

चि. सौ. जयवंतास अ. उ. आ.

शामलाने तुला काही लिहिलं असल्यास ते अर्धवट समजावं. वस्तुस्थिती अशी की गृहतापकाच्या चाचणीचा दुसरा टप्पा ठरल्याप्रमाणे सुरू झाला आहे. काचेचं दार बिजागरीतून काढून माळ्यावर ठेवलं. पिवळी रेषा पुसून मायच्या पाटाच्या मागे नव्याने आखली आहे. आता रेषेबाहेर मी बसतो. सकाळी माय भट्टी पेटवते आणि घरभराचं पाणी तापतं. खोलीचे अंश बरेच उतरले आहेत. मायला हिव वाजत नाही, यामागचं शास्त्र मी शोधतो आहे.

आता एक तांत्रिक अडचण. दार उघडं ठेवल्याने ओढा बदलतो. त्यामुळे एका लांब, पोकळ, लोखंडी नळीची गरज निर्माण झाली आहे. माय सध्या कारखान्यातून आणलेल्या पाइपाच्या तुकड्याने काम भागवते, पण त्याला तोंड नाही म्हणून रोज मला ऐकवते. अशी नळी इतवारीच्या बाजारात मिळेल. मात्र तुझ्या खिळ्यावर जी आहे तिची लांबी, जाडी आणि छिद्र मला नीट आठवतं, आणि ते योग्यच आहे.

बसची वेळ मायने पुन्हा विचारलेली नाही. मीही सांगितलेली नाही.

नळी पाठवावी. लोभ तिच्या आधी पोचावा.

तुझा,
केशवदादा


पारशिवनी
८ जानेवारी २०२५

ती. केशवदादाले शि. सा. न.

तुझी लांब, पोकळ, लोखंडी नळी यांच्याबरोबर पाठवली आहे. टोकाले चिंधी बांधली, एसटीत कोणाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून. आमच्या गावात तिले फुंकणी म्हणतात.

मायनं स्वतःहून मागवली का, हे मी यांना विचारून यायला सांगितलं होतं. पण काल मायचाच फोन आला. तुझी तब्येत कशी, मयुरा कशी, मग म्हणाली की खिळ्यावर धूळ बसू देऊ नको, पाठवून दे. संक्रांतीचं नावच घेतलं नाही. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. घाटा नाही असं मी लिहिलं होतं, ते खोडून टाक.

फुंकणी खिळ्यावरून काढली तर मागची भिंत धुरानं काळी आणि मधात तिच्या मापाची पांढरी रेघ. हे चुना मारायले निघाले होते, मी थांबवलं. होळी झाली की नागपूरचं ऊन तुझ्या सगळ्या भट्ट्यांले भारी पडते. तेव्हा माय इकडं येईल आणि फुंकणी तिच्या हातात असेल. तवरोक ती जागा कोणी बुजवायची नाही, असं घरात बजावून ठेवलं. तुझ्यासारखी पाटीच लावणार होते, पण आपल्या घरात पाटीचं काय होते ते आता सगळ्याइले माहीत आहे.

लोभ ठेव, आणि भट्टीचं दार माळ्यावरच ठेव.

तुझी,
जयवंता