श्रीपादच्या डोक्यावरचे पत्रे

मी, यशोदा महिपती शिरसट, वय ७८, राहणार रत्नप्रभा थिएटरच्या मागील दोन खोल्या, इंदापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. कलम चार वाचून माझ्या शुद्धीविषयी शंका येईल, म्हणून डॉ. वृषाली यांचा आजचा दाखला सोबत जोडला आहे.

१. सासऱ्यांनी बांधलेलं आणि पती महिपती यांच्या पश्चात माझ्याकडे आलेलं रत्नप्रभा थिएटर मी पुतण्या सूरज याची मुलगी प्रगती हिला देत आहे. सूरजला देत नाही. त्याला तिथे मंगल कार्यालय काढायचं आहे. माझ्याच हातचा चहा पीत त्याने मला त्याचा नकाशा दाखवला होता.

२. सूरजला लोखंडी खुर्च्या द्याव्यात. तशाही तो कार्याला मागून नेतो आणि मोडक्या परत आणतो.

३. पडद्याचे दोर, कप्प्या आणि हत्यारपेटी गेणूची. जन्मभर पडदा त्याने ओढला, आणि जे माहीत होतं ते बाहेर बोलला नाही.

४. रंगमंचाखालच्या तळघरात श्रीपाद राहतो. सासऱ्यांच्या नाटक कंपनीत तो नायिकेची कामं करायचा. तेव्हाच्या फोटोत दिसतो तसाच आजही आहे. तो रक्तावर जगतो, उन्हात टिकत नाही आणि आवतण मिळाल्याशिवाय त्याला कुणाच्या घरात पाऊल टाकता येत नाही. इंग्रजी सिनेमातला व्हॅम्पायर म्हणा हवं तर. गेणू खाटकाकडून बकऱ्याचं रक्त आणतो, त्यावर त्याचं भागतं. मला गाणं त्याने शिकवलं. महिपती गेल्यावर मायेने बोलणारा तोच उरला. माझा त्याच्यावर जीव आहे, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

पण एकदा सासऱ्यांनी त्याला वडगाव निंबाळकरला एका लग्नात गायला नेलं होतं. यजमानांनी अगत्याने घरात बोलावलं. सकाळी नवरी उठलीच नाही. ते आठवलं की तो अजून रडतो. त्या पोरीला त्याचा काय उपयोग?

गेल्या सोमवारी सूरज प्रगतीच्या लग्नाचं सांगायला आला. लग्न अक्षयतृतीयेला, जळोचीत, घरापुढच्या मांडवात. रंगमंचावर उभं राहून त्याने रीतीप्रमाणे चूलबंद आवतण दिलं, म्हणजे त्या दिवशी इथली चूल पेटायची नाही, सगळ्यांचं जेवण त्याच्या घरी. "काकू, हितं जे कोन ऱ्हात्यात त्या समद्यांनी घरी यायचं. कुणी मागं ऱ्हायचं न्हाय." फळ्यांखाली श्रीपादचं गुणगुणणं चाललं होतं, ते थांबलं.

मी तिथल्या तिथे म्हटलं, एवढं आवतण मागे घे, मला एकटीला बोलाव.

"दिलेलं आवतण माघारी घेत्यात व्हय? लोकं त्वांडात शेण घालतील."

खरं कारण सांगितलं तर हसला आणि औषधं वेळेवर घेते का, ते विचारू लागला.

त्या दिवसापासून श्रीपादने बकऱ्याच्या रक्ताला तोंड लावलेलं नाही. मला म्हणाला, "वहिनी, पोरीचं घर कुठल्या दिशेला आहे ते मला इथे बसून कळतंय. मला माझाच भरवसा वाटत नाही."

मी मेले तर सुतकामुळे लग्न पुढे जाईल, पण आवतण उभंच राहील. म्हणून येत्या मंगळवारी भर दुपारी गेणूने रंगमंचावरचे पत्रे आणि खालच्या फळ्या काढाव्यात. मी श्रीपादजवळ बसेन. त्याआधी माझं काही बरंवाईट झालं तरी काम थांबवू नये. प्रगतीला यातलं काही कळू देऊ नये. तिने आनंदाने बोहल्यावर चढावं.

५. छप्पर पुन्हा घालू नये. बँकेतली माझी शिल्लक भिंतींच्या डागडुजीला वापरावी. शाळेच्या मुलांनी तिथे दिवसा नाटकं करावीत.

हे मृत्युपत्र मी स्वतः लिहिलं, वाचलं आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

स्थळ: इंदापूर
दिनांक: १९ एप्रिल २०२५, शनिवार

सही: यशोदा महिपती शिरसट

साक्षीदार:
१. डॉ. वृषाली गलांडे, इंदापूर
२. अ‍ॅड. अनय देशमाने, बारामती

दुरुस्ती: कलम चार ज्याच्याविषयी आहे त्याला ते वाचून दाखवलं. त्याच्या सांगण्यावरून "येत्या मंगळवारी" याऐवजी "उद्या" असं वाचावं. तो म्हणाला, "मंगळवारपर्यंत मला आवरणार नाही, वहिनी."

दुरुस्ती मान्य.
सही: यशोदा
सही: श्रीपाद