धाकूची उघाडी

अलिबाग, सोमवार, १२ जानेवारी १९५९

१. आमच्या गावच्या खारबांधाची माझी मोजणी संपली; आता पेन्सिलीचा नकाशा शाईने पक्का करायचा.
२. नवी उघाडी, म्हणजे भरतीचं पाणी अडवणारं बांधातलं दार, बाबांनी बांधली. नकाशात तिला त्यांचं नाव द्यावं, म्हणाले.
३. मी नाही म्हटलं. गाव म्हणतं तेच नाव लिहायचं, असा नियम आहे.

जुनीला सगळे धाकूची उघाडी म्हणतात. धाकू कोण, विचारलं.

"कोन जानं, बाय. पन नाव रोज घेतो ना आमी?" बाबा हसले.

ते हसणं अजून डोक्यात आहे. उद्या म्हादू, म्हणजे आमचे बाबा, कोण होते, हेही कुणी सांगणार नाही. पण मोजताना साखळी धरणारा गडी सहज म्हणाला होता, "म्हादूच्या उघाडीपास्न धरू?" म्हणजे गाव तसं म्हणतंच; नियमात बसतं.

आत्ताच कार्ड लिहिलं: बाबा, गाव तुम्हाला महादेव नाही, म्हादू म्हणतं. तसंच शाईने लिहू का? शुक्रवारपर्यंत कळवा.