एका मुशीतले वाळे

अप्पा, तुमची पणती आज आपल्या घरी गेली. पायांत चांदीचे वाळे घालून, तिकडच्या आजीच्या मांडीवर ऐटीत बसली. मी तिला पोचवून, बारशाचं जेवून परत आलेय. माझा जीव आत्ता कुठे भांड्यात पडलाय, आणि असं झालं की ते कुणाला तरी सांगावंसं वाटतं. घरात तर कुणी नाही. म्हटलं, तुम्हालाच सांगावं.

तुम्ही माझी लेकही पाहिली नाहीत, तेव्हा सुरुवातीपासून सांगायला हवं. तिने आपल्या मनाने लग्न केलं, कोलशेतच्या घरात. मूळचे मिठागरावरचे लोक, आता जमीनदार. माणसं गोड आहेत, पण रागावली की अंगणभर ऐकू येतं. तिचे सासरे आणि त्यांचा धाकटा भाऊ शेजारीशेजारी राहतात, मध्ये एकच अंगण. रस्ता रुंद झाला, त्या अंगणाच्या कडेची पट्टी एकदम मोलाची झाली आणि भाऊ भावाला ओळखेनासा झाला. पोरांनी एका रात्रीत मधोमध भिंत उभी केली. मग शिव्या झाल्या, मग दगड आले. त्यातल्या एका दगडाने माझ्या लेकीच्या खोलीची काच फोडली. सातवा महिना होता तिचा. ती बाळंतपणाला माझ्याकडे आली ती सांगूनच, "आई, मी आता तिकडे नाही जाणार हां. मी त्या खिडकीतच उभी होते. बाळाला घेऊन मी तिथे नाही झोपू शकत." जावई दर रविवारी येतो, पाळण्यापाशी बसतो आणि मान खाली घालून परत जातो. त्याला तरी काय बोलायचं? आपलेच दात, आपलेच ओठ.

मुलगी झाली. बारसं आज करू, उद्या करू म्हणत लांबत चाललं.

मी कल्याणच्या दुकानात अजून बसते, अप्पा. तुमचीच जागा, तुमचीच ऐरण. कोळशाच्या शेगडीऐवजी बर्नर आलाय आणि कॉलेजच्या मुली काळपटवलेल्या चांदीची कानातली मागतात, एवढाच फरक. तर एके दिवशी लेकीची चुलतसासू, म्हणजे माझ्या विहिणीची धाकटी जाऊ, दुकानाची पायरी चढून आली. डोक्यावरून पदर, इकडेतिकडे बघत, जणू चोरीच करायला निघालीय. पिशवीतून हातात घालायचा एक चांदीचा तोडा काढला. "पोरीला वाले बापाचे काकीनं द्याचे असतान. तू कर. पन वयनीला बोलू नको मी आलती म्हणून."

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझी विहीण, थोरली जाऊ, आली. तिच्याही पिशवीत एकच तोडा. "विहीनबाय, नातीला वाले आजीनं द्याचे. त्या घरान कलू देव नको."

मी दोन्ही तोडे शेजारी ठेवले आणि बघतच राहिले. एकच जोड होता. त्यांच्या सासूचा. वाटणीत भांडीकुंडी वाटली तशी त्याचीही वाटणी झालेली, एकेक दोघींना. आणि आतल्या बाजूला, फिरकीच्या मळसूत्रापाशी, तुम्ही खूण म्हणून कोरायचात तसं बारीक पान. म्हातारी कल्याणला तुमच्याकडेच यायची, हे मला माहीतच नव्हतं. मी लेकीचं लग्न लावताना सोयरीक नवी जोडतेय असं समजत होते.

त्या पानावर बोट ठेवलं आणि मला तुमची ती बोलणी आठवली. मी नुकती बाकावर बसायला लागलेले. एक गिऱ्हाईक चांदी ठेवून बाजारात गेलं, आणि तो यायच्या आत मी ती वितळवून ठेवली. वाटलं, शाबासकी मिळेल. तुम्ही त्याच्यासमोर हात जोडलेत, आणि तो गेल्यावर मला म्हणालात, "सोनार सख्ख्या आईच्या दागिन्यात हात मारतो, असं जग म्हणतं. म्हणू दे. पण चांदी ज्याची, त्याच्या डोळ्यांसमोर वितळली पाहिजे. त्याचा विश्वास नसला तरी चालेल, त्याचे डोळे हवेत." मी दोन दिवस जेवताना तुमच्याकडे बघितलं नव्हतं.

पण त्याच नियमाचा तुम्ही केलेला दुसरा उपयोग मी नंतर पाहिला. गावातले भांडलेले दोन भाऊ, दोन विहिणी, तुमच्याकडे मोडीची चांदी घेऊन यायच्या, आणि तुम्ही साळसूदपणे सांगायचात, "दोघांची एकाच मुशीत टाकतो, माल चांगला उतरतो. पण दोघांनीही समोर बसायचं." माल कसला चांगला उतरतो डोंबल! पण मातीच्या त्या वाटीकडे डोळे लावून दोघं शेजारीशेजारी बसायची. उठून जावं तर आपली चांदी दुसऱ्याच्या नजरेखाली राहते. संशयच त्यांना खिळवून ठेवायचा. आणि तुम्हाला आटणीच्या वेळी बडबड चालायची नाही, म्हणून त्यांना गप्पही बसावं लागायचं. भांडणाऱ्या माणसांना शेजारी बसून गप्प राहण्याची सवय नसते. चांदीचा रस होईपर्यंत त्यांचाही पारा उतरलेला असायचा.

मी दोघींना एकाच दुपारी बोलावलं, एकीला दुसरीचं न सांगता. धाकटी आधी आली. थोरली आली, तिला बघून दारातच थबकली. मी तुमच्याच आवाजात सांगितलं, "समोर बसल्याशिवाय मी आटवत नाही." यातली एक जरी उठून गेली असती, तरी माझ्या लेकीचा संसार त्या भिंतीपाशीच अडला असता. थोरलीने बाकावरचा दुसरा तोडा पाहिला, जावेकडे पाहिलं आणि पदर सावरून बसली.

मी विचारलं, "मोडू ना? जुनं काम आहे, माझ्या वडिलांच्या हातचं."

"मोर," थोरली म्हणाली. "एकेक ठेवून कंचं सुख लागलं?" धाकटीनेही मान डोलावली.

कातरीने तुकडे केले, मुशीत टाकले, टाकणखार टाकला, ज्योत धरली. तुकडे लाल होतायत, त्यांच्या कडा गळतायत. कुठला तुकडा कुणाचा, ते आधी कळत होतं, मग कळेना. आणि मग मूस आरशासारखी चमकली. त्या चमकेकडे बघत धाकटी सासूच्या आठवणीने एकदम म्हणाली, "आय तोडे मिठागरावं जाताना काढून तांदलाचे डब्यान ठेवाची."

"मिठान चांदी काली परते म्हणून," थोरली म्हणाली.

"आनि आपुन काढून घालाचो. एक तू, एक मी."

"आरशान बघाला. तू तवा नवी नवरी. आय लवकर आली नि तुजा हातानशी निघंना. तेल लावून मीच काढलेला, नाय का गो?"

दोघी हसायला लागल्या. हसता हसता थोरलीने डोळ्यांना पदर लावला, आणि मी रस साच्यात ओतताना नजर वर केली नाही, कारण माझेही डोळे भरले होते आणि तुम्ही असतात तर ओरडला असतात. निघताना थोरली म्हणाली, "बारशाला ये गो."

"कशी येव? भितीवर चढून?"

"पोरांनी बांधली, पोरंच पाडतील. मी बघतंय."

दोघी एकाच रिक्षात बसून गेल्या. पट्टीचा वाद मिटलेला नाही, तो वकिलांकडे चालू आहे आणि चालू दे. पण भिंत पडली. आज पंगत त्याच अंगणात बसली. दोघे भाऊ शेजारी नाही, पण एकाच रांगेत जेवले, आणि धाकट्याने वाढप्याला थोरल्याच्या पानाकडे बोट दाखवून श्रीखंड वाढायला लावलं. बाळाला वाळे चढवले, एक आजीने, एक चुलत आजीने. उरलेल्या चांदीची मी दोघींना जोडवी केली होती, सारख्या घाटाची. लेक माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, मी इथे राहते. तू जा आता, उशीर होईल." तिच्या खिडकीला नवी काच बसली होती आणि ती उघडी होती.

एवढं सगळं नीट झालं, अप्पा, आणि मला खरंच फार हलकं वाटतंय. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? दुकानाच्या खणात ठेवीन. पण तुमच्यापासून लपवून काय करू. दोन्ही तोडे शेजारी ठेवले त्याच दिवशी मला ही युक्ती सुचली होती. पण दोघींना निरोप मी बऱ्याच दिवसांनी धाडला. रोज संध्याकाळी ठरवायचे, उद्या बोलावू. आणि घरी आले की बाळ माझ्या अंगावर झोपायचं.